वर्तनसमस्या असलेल्या निवाराश्वानांचे दत्तकग्रहण

वर्तनसमस्या असलेल्या निवाराश्वानांचे दत्तकग्रहण म्हणजे प्राण्यांच्या निवारागृहात राहणाऱ्या आणि भीती, आक्रमकता, विरहचिंता, अन्नाची राखण यांसारखे त्रासदायक वर्तन दाखवणाऱ्या कुत्र्याची कायमची जबाबदारी एखाद्या व्यक्तीने किंवा कुटुंबाने स्वीकारणे होय. असे कुत्रे निवारागृहात दीर्घकाळ राहतात, कारण दत्तक घेऊ इच्छिणारे लोक बहुधा शांत, माणसाळलेल्या पिल्लांना पसंती देतात. त्यांना घर मिळाले, तर एका प्राण्याचे आयुष्य बदलते व निवारागृहातील एक जागा दुसऱ्या जखमी प्राण्यासाठी मोकळी होते. निवड चुकली, तर मात्र कुत्र्याची पाठवणी पुन्हा निवारागृहात होते, किंवा घरातील लहान मुलांना इजा होण्याचा धोका उद्भवतो. म्हणून या प्रकारच्या दत्तकग्रहणात दयेइतकेच कुत्र्याच्या वर्तनाचे ज्ञानही आवश्यक मानले जाते.

संज्ञा

भारतीय कायद्यात मुलांच्या दत्तकविधानासाठी स्वतंत्र तरतुदी आहेत. प्राण्याच्या बाबतीत ‘दत्तक’ हा शब्द मात्र रूढीने वापरला जातो. कायद्याच्या दृष्टीने पाळीव प्राणी ही मालमत्ता असल्याने येथे प्रत्यक्षात ताबा आणि त्यासोबतची कर्तव्ये एका हातातून दुसऱ्या हातात जातात. तरीही हा शब्द टिकून आहे, कारण त्यात कायमच्या नात्याची अपेक्षा आहे.

रस्त्यावरच्या कुत्र्यासाठी मराठीत ‘भटका’, ‘मोकाट’, ‘बेवारस’ असे शब्द प्रचारात आहेत. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांत त्यासाठी ‘समुदायातील प्राणी’ या अर्थाची संज्ञा आली. गावठी कुत्रा बहुधा पूर्णपणे बेवारस नसतो. एखाद्या आळीतील चारपाच घरे मिळून त्याला भाकर घालतात, पण त्याचे लसीकरण, आजारपण व त्याने केलेली इजा यांची जबाबदारी कोणा एकाकडे नसते. ‘गावचा कुत्रा’ आणि ‘घरचा कुत्रा’ यांतील हा फरक दत्तकग्रहणाचा विचार करताना महत्त्वाचा ठरतो.

‘वर्तनसमस्या’ ही संज्ञा सापेक्ष आहे. अनोळखी माणसावर भुंकणे हा शेतावरील कुत्र्याचा गुण समजला जातो. तेच वर्तन सदनिकेत तक्रारीचे कारण होते. त्यामुळे वर्तनाचे मूल्यमापन कुत्रा कोठे आणि कोणाबरोबर राहणार आहे, हे लक्षात घेऊनच केले जाते.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

मराठी व भारतीय परंपरेत कुत्र्याचे स्थान दुहेरी आहे. एकीकडे तो अमंगळ मानला गेला, तर दुसरीकडे दत्तात्रेयाच्या प्रतिमेत चार श्वान दिसतात आणि खंडोबाच्या उपासनेतही कुत्र्याला स्थान आहे. पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणाऱ्या संत नामदेवांची कथा महाराष्ट्रात सर्वश्रुत आहे. महाभारताच्या आदिपर्वात, अपराध नसताना मार खाल्लेल्या सारमेयाची आई सरमा जनमेजयाला जाब विचारते.

मुंबईत जून १८३२ मध्ये मोकाट कुत्रे मारण्याच्या सरकारी मोहिमेविरुद्ध पारशी समाजाच्या पुढाकाराने हरताळ व दंगल झाली. पुढे १८७४ मध्ये मुंबईत प्राण्यांवरील क्रौर्य रोखणारी संस्था स्थापन झाली आणि १८८३ मध्ये परळ येथे बाई साकरबाई दिनशा पेटिट प्राणी रुग्णालय सुरू झाले. विसाव्या शतकात कुत्र्यांची संख्या आटोक्यात ठेवण्यासाठी त्यांना मारण्याची पद्धत बराच काळ चालू होती. शतकाच्या अखेरच्या दशकात तिची जागा निर्बीजीकरण व लसीकरण यांनी घेतली. मुंबईतील ‘द वेल्फेअर ऑफ स्ट्रे डॉग्ज’ (स्थापना १९८५) आणि पुण्यातील ‘रेस्क्यू चॅरिटेबल ट्रस्ट’ (स्थापना २००७) या संस्था उपचार व निर्बीजीकरणाबरोबर दत्तकग्रहणाचेही काम करतात.

महात्मा गांधींनी १९२६ मध्ये ‘यंग इंडिया’ साप्ताहिकातून या विषयावर लेखमाला लिहिली. अहमदाबादेतील एका गिरणीच्या आवारातील कुत्रे मारल्याच्या घटनेवरून ती चर्चा सुरू झाली होती. बेवारस कुत्रे असणे हे समाजाच्या दयेचे नव्हे, तर त्याच्या बेपर्वाईचे लक्षण आहे, आणि दया करायची असेल तर कुत्र्याची पूर्ण जबाबदारी घेतली पाहिजे, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता. धोकादायक कुत्र्याला मारणे काही प्रसंगी अपरिहार्य ठरते, या त्यांच्या मतावर त्या काळी तीव्र टीका झाली. उरलेली पोळी टाकणे आणि जबाबदारी घेणे यांत त्यांनी केलेला भेद आजच्या चर्चेतही वारंवार डोकावतो.

कायदेशीर तरतुदी

प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा अधिनियम हा या विषयातील मूळ कायदा आहे. त्याच्या कलम ११ नुसार प्राण्याला अवाजवी काळ आखूड किंवा जड साखळीने बांधून ठेवणे, सतत बांधलेल्या कुत्र्याला व्यायामासाठी न फिरवणे आणि उपासमार होईल अशा स्थितीत वाजवी कारणाशिवाय प्राण्याला सोडून देणे ही क्रूरतेची कृत्ये आहेत. त्यामुळे दत्तक घेतलेला कुत्रा जमत नाही म्हणून दूरच्या रस्त्यावर सोडून येणे हे केवळ अनुचित नसून बेकायदेशीर आहे. दुसरीकडे, आपल्या ताब्यातील प्राण्यापासून इतरांच्या जिवाला धोका अथवा गंभीर इजा होऊ नये यासाठी पुरेशी काळजी न घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ नुसार अपराध आहे. त्यासाठी ६ महिन्यांपर्यंत कारावास, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. कुत्र्याच्या चाव्याचा पूर्वेतिहास ठाऊक असलेल्या मालकाने ही तरतूद विशेष लक्षात ठेवणे आवश्यक असते.

२००१ च्या प्राणी जन्म नियंत्रण (श्वान) नियमांची जागा २०२३ च्या नियमांनी घेतली. त्यांनुसार रस्त्यावरील कुत्र्याचे निर्बीजीकरण व रेबीजविरोधी लसीकरण करून त्याला पकडलेल्या जागीच परत सोडले जाते. ओळखीसाठी त्याच्या कानाला खूण केलेली असते. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०२२ मध्ये समुदायातील प्राण्यांच्या दत्तकग्रहणासाठी आदर्श कार्यपद्धती प्रसृत केली.

विदर्भात या प्रश्नाला न्यायालयीन वळण मिळाले ते ऑक्टोबर २०२२ मध्ये. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने, ज्यांना मोकाट कुत्र्यांना खाऊ घालायचे आहे त्यांनी ते आधी दत्तक घ्यावेत, घरी न्यावेत किंवा निवारागृहात ठेवावेत, अशा आशयाचे निर्देश नागपूर परिसरासाठी दिले. नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना स्थगिती दिली. खाऊ घालणाऱ्याने कुत्रा दत्तक घेतलाच पाहिजे असा आग्रह धरता येणार नाही, असे निरीक्षणही नोंदवले. दिल्ली परिसरातील कुत्र्यांसंबंधी सर्वोच्च न्यायालयाच्या त्रिसदस्य खंडपीठाने २२ ऑगस्ट २०२५ रोजी आधीच्या आदेशात बदल केला. रेबीजग्रस्त, रेबीजसंशयित वा आक्रमक कुत्रे वगळता इतरांना निर्बीजीकरण व लसीकरणानंतर मूळ जागी सोडावे, असे त्यात सांगितले गेले. इच्छुक व्यक्तींना कुत्रे दत्तक घेण्याची मुभा ठेवताना ते पुन्हा रस्त्यावर येणार नाहीत ही जबाबदारी त्यांच्यावर टाकण्यात आली. ७ नोव्हेंबर २०२५ च्या आदेशाने शाळा, रुग्णालये, बसस्थानके, रेल्वेस्थानके अशा ठिकाणचे कुत्रे हलवून निवाऱ्यात ठेवण्याचे व तेथेच परत न सोडण्याचे निर्देश दिले गेले. रस्त्यावर परत न जाणाऱ्या कुत्र्यांचे निवाऱ्यातील दिवस कसे जातील आणि त्यांतील किती जणांना घर मिळेल, हा प्रश्न त्यामुळे अधिक निकडीचा झाला. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेनुसार देशात सुमारे १ कोटी ५३ लाख आणि महाराष्ट्रात सुमारे १२ लाख ७६ हजार मोकाट कुत्रे होते. ही संख्या पाहता दत्तकग्रहण हा मोकाट कुत्र्यांच्या समस्येवरील संपूर्ण उपाय नाही, हे स्पष्ट होते. निर्बीजीकरण व लसीकरण हाच मुख्य उपाय राहतो.

वर्तनसमस्यांची कारणे

पिल्लाच्या वयाच्या सुमारे ३ ते १२ आठवड्यांचा काळ हा सामाजिकीकरणाचा काळ मानला जातो. जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर या अमेरिकी संशोधकांनी १९६५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या काळाचे महत्त्व सविस्तर मांडले. या काळात पिल्लाला माणसांचा, आवाजांचा व इतर प्राण्यांचा सौम्य अनुभव मिळाला नाही, तर पुढे नवीन प्रत्येक गोष्ट त्याला धोक्याची वाटू शकते. अशा कुत्र्याला पूर्वी कोणीतरी मारले असेलच असे नाही; अनुभवाचा अभाव हेही भीतीचे पुरेसे कारण ठरते.

निवारागृहातील वास्तव्याचाही वर्तनावर परिणाम होतो. अनोळखी वास, अखंड भुंकणे आणि बंदिस्त जागा यांचा कुत्र्यावर ताण येतो. मायकेल हेनेसी व सहकाऱ्यांच्या १९९७ मधील अभ्यासात निवारागृहातील पहिल्या ३ दिवसांत कुत्र्यांच्या रक्तातील कॉर्टिसॉल या ताणाशी संबंधित संप्रेरकाचे प्रमाण वाढलेले आढळले. म्हणून आल्याआल्या केलेल्या निरीक्षणावरून कुत्र्याच्या स्वभावाचा निर्णय करणे योग्य मानले जात नाही. निवाऱ्यात अन्नावरून गुरगुरणारा कुत्रा घरी तसे न करण्याची, तसेच निवाऱ्यात गप्प असणारा कुत्रा घरी रुळल्यावर भुंकू लागण्याची शक्यता असते.

तिसरे कारण शारीरिक असते. कानाचा संसर्ग, दातदुखी, सांध्यांचा विकार, जुने अस्थिभंग किंवा दृष्टिदोष यांमुळे कुत्रा स्पर्श होताच चावू शकतो. अचानक बदललेल्या वर्तनाची पहिली तपासणी म्हणूनच पशुवैद्यकाकडे होणे आवश्यक असते.

भारतीय मोकाट कुत्र्यांबाबत कोलकाता येथील भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेतील अभ्यासगटाने उल्लेखनीय काम केले आहे. या गटाच्या २०१७ मधील प्रयोगात, वारंवार भेटणाऱ्या अनोळखी माणसावर विश्वास ठेवण्यासाठी कुत्र्यांना खाण्यापेक्षा प्रेमळ स्पर्श अधिक परिणामकारक ठरल्याचे दिसले. रस्त्यावर वाढलेला कुत्रा माणसाळू शकत नाही, या समजाला त्यातून छेद मिळतो.

प्रमुख प्रकार

भीती : शेपूट पायांत घालणे, कोपऱ्यात दबून बसणे, हात उचलताच लघवी होणे, काठी किंवा झाडू दिसताच पळणे ही तिची लक्षणे आहेत. कोंडीत सापडलेला भित्रा कुत्रा चावतो. पळायला वाट मिळाली तर बहुधा निघून जातो.

वस्तूंची राखण : अन्नाचे ताट, हाड, अंथरूण किंवा एखाद्या व्यक्तीजवळ कोणी आले की कुत्रा ताठरतो, भराभर खाऊ लागतो, गुरगुरतो. रस्त्यावर अन्नासाठी झगडलेल्या कुत्र्यात हे वर्तन सहज समजण्याजोगे असते.

विरहचिंता : माणसे घराबाहेर पडताच सतत रडणे, दार ओरखडणे, लाळ गळणे, घरात घाण करणे. हा खोडसाळपणा किंवा सूड नसून घबराट असते.

ध्वनिभय : फटाके, मेघगर्जना, लग्नाच्या वरातीतील वाद्ये यांनी थरथरणे व पळून जाणे. नव्याने आणलेले कुत्रे हरवण्याचा धोका अशा वेळी मोठा असतो.

पाठलाग व दोरीवरील भुंकणे : दुचाकी, सायकल, गुरे किंवा इतर कुत्रे दिसताच झेप घेणे. गळ्यातील दोरी ताणली गेल्याने काही कुत्र्यांत हे वर्तन तीव्र होते.

देहबोलीचे वाचन

चावा सहसा ‘अचानक’ येत नाही. त्याआधी कुत्रा तोंड फिरवतो, ओठ चाटतो, झोप नसताना जांभई देतो, डोळ्यांचा पांढरा भाग दिसेल असे तिरके पाहतो, अंग ताठ करतो व मग गुरगुरतो. गुरगुरणे ही कुत्र्याची सूचना आहे. त्याबद्दल त्याला मारल्यास भीती जात नाही, फक्त सूचना नाहीशी होते. आणि पुढच्या वेळी कुत्रा न गुरगुरता चावण्याची शक्यता वाढते. शेपूट हलणे म्हणजे आनंदच, हाही गैरसमज आहे. ताठ उभारलेली व वेगाने थरथरणारी शेपूट उत्तेजना दर्शवू शकते.

दत्तकपूर्व विचार

जबाबदार निवारागृह कुत्र्याचा ज्ञात पूर्वेतिहास, चाव्यांची नोंद, लसीकरण व निर्बीजीकरणाची माहिती इच्छुक कुटुंबाला मोकळेपणाने देते. समस्या लपवून दिलेला कुत्रा बहुधा परत येतो आणि प्रत्येक परतीनंतर त्याला नवे घर मिळणे कठीण होत जाते. कुटुंबाने एकाच भेटीवर निर्णय न घेता वेगवेगळ्या वेळी दोन-तीनदा जाऊन कुत्र्याला भेटणे आणि घरातील सर्वांनी त्याला पाहणे उपयुक्त असते. काही संस्था कायम दत्तक देण्यापूर्वी तात्पुरत्या सांभाळाची सोय करतात.

कुटुंबाने विचारात घेण्याचे प्रश्न व्यवहारी असतात. घरात लहान मुले किंवा अंथरुणाला खिळलेले वृद्ध आहेत का, दिवसभर कोणी घरी असते का, आवाराला भिंत व बंद होणारे फाटक आहे का, पशुवैद्यक किती अंतरावर आहे, आणि पुढील १० ते १५ वर्षे खर्च करण्याची तयारी आहे का, हे त्यांतील मुख्य होत. माणसाला खोल चावे घेतल्याची नोंद असलेला कुत्रा लहान मुलांच्या घरी देणे सर्वसाधारणपणे टाळले जाते. जो कुत्रा आपल्या मूळ आळीत निर्धास्त राहत होता व केवळ बंद घरात घाबरतो, त्याच्यासाठी निर्बीजीकरणानंतर मूळ जागी परतणे हेच दत्तकग्रहणापेक्षा हिताचे असू शकते.

घरातील पहिले दिवस

नव्या घरी रुळण्याबाबत ‘३ दिवस, ३ आठवडे, ३ महिने’ असा एक ठोकताळा प्राणीसंस्थांमध्ये सांगितला जातो. पहिले ३ दिवस कुत्रा भांबावलेला असतो, ३ आठवड्यांत त्याला घराचा दिनक्रम उमगतो आणि ३ महिन्यांत तो घर आपले मानू लागतो, असा त्याचा आशय आहे. हा शास्त्रीय नियम नाही. अतिशय भित्र्या कुत्र्याला वर्षभरही लागू शकते.

सुरुवातीला कुत्र्याला एक शांत कोपरा, तेथेच पाणी व अंथरूण आणि ठरलेल्या वेळी जेवण दिले जाते. आप्तेष्टांना कुत्रा दाखवण्याचे कार्यक्रम पहिल्या काही आठवड्यांत टाळावेत. कुत्र्याला जवळ ओढण्याऐवजी त्याला स्वतःहून येऊ द्यावे. येणाऱ्याने त्याच्यासमोर वाकून डोक्यावर हात न ठेवता बाजूला बसावे. झोपलेल्या किंवा जेवणाऱ्या कुत्र्याला मुलांनी स्पर्श करू नये, हा नियम घरातील प्रत्येकाला लागू असतो. मुले व कुत्रा यांना मोठ्या माणसाच्या देखरेखीशिवाय एकत्र ठेवू नये.

वर्तनसुधारणेच्या पद्धती

‘कुत्र्यावर वर्चस्व गाजवले पाहिजे’ हा समज दीर्घकाळ प्रचलित होता. त्याचे मूळ रुडॉल्फ शेंकेल यांनी १९४७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या, बंदिस्त लांडग्यांच्या अभ्यासात आहे. मोकळ्या निसर्गातील लांडग्यांचा कळप हा मुख्यतः आईवडील व पिल्ले यांचे कुटुंब असतो, असे डेव्हिड मेक यांनी १९९९ मध्ये दाखवून दिले. याच मेक यांच्या आधीच्या ग्रंथाने जुन्या कल्पनेचा प्रसार केला होता. प्राणिवर्तनतज्ज्ञ आज मारणे, गळा आवळणारा पट्टा किंवा विजेचा धक्का देणारी साधने यांऐवजी बक्षिसावर आधारित शिक्षणाची शिफारस करतात.

मुख्य पद्धत दोन भागांची असते. भीतिदायक गोष्ट कुत्र्याला सहन होईल इतक्या सौम्य प्रमाणात दाखवणे हा पहिला भाग, आणि ती दिसताच आवडता खाऊ देऊन तिच्याशी चांगला अनुभव जोडणे हा दुसरा भाग. काठीला घाबरणाऱ्या कुत्र्याचे उदाहरण घेता येईल. काठी घेतलेला माणूस इतका दूर उभा केला जातो की कुत्रा त्याच्याकडे पाहतो, पण घाबरत नाही. पाहताच उकडलेल्या अंड्याचा किंवा कोंबडीच्या हाडविरहित मांसाचा लहान तुकडा दिला जातो. माणूस दिसेनासा झाला की खाऊही थांबतो. काही दिवसांनी अंतर थोडे कमी केले जाते. कुत्रा खाऊ घेईनासा झाला, तर अंतर जास्त कमी झाले असे समजून एक पाऊल मागे घेतले जाते. घाई केल्यास आधीची प्रगती पुसली जाऊ शकते.

अन्नाची राखण करणाऱ्या कुत्र्याचे ताट हिसकावणे चुकीचे ठरते. त्यामुळे त्याची शंका खरी ठरते. त्याऐवजी दुरून जाताना ताटाच्या दिशेने अधिक चांगला तुकडा टाकला जातो, म्हणजे माणसाचे येणे हे तोट्याचे नव्हे, तर लाभाचे चिन्ह बनते. विरहचिंतेत दाराबाहेर काही सेकंद जाऊन परतण्यापासून सुरुवात करून काळ हळूहळू वाढवला जातो. तीव्र चिंतेच्या बाबतीत पशुवैद्यक औषधांचाही उपयोग करतात. माणसांची औषधे स्वतःच्या मनाने देणे घातक असते. चाव्याचा धोका असलेल्या कुत्र्याला जाळीदार मुसके घालण्याची सवय खाऊ देऊन आधीपासून लावावी. ते शिक्षा म्हणून वापरले जाऊ नये आणि ते घातल्यावर कुत्र्याला तोंड उघडून धापा टाकता आल्या पाहिजेत.

रेबीज व सुरक्षितता

दत्तक घेतलेल्या कुत्र्याला रेबीजविरोधी लस देणे आणि ती पशुवैद्यकाच्या सल्ल्याने नियमित देत राहणे अनिवार्य समजले जाते. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर हा आजार जवळजवळ नेहमीच प्राणघातक ठरतो. वेळेवर घेतलेल्या उपचाराने तो टाळता येतो. कुत्रा चावल्यास किंवा ओरखडल्यास जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी. जखमेवर हळद, तिखट, चुना किंवा तेल लावू नये. त्यानंतर विलंब न करता आरोग्य केंद्रात जावे. त्वचेत दिल्या जाणाऱ्या लसीच्या मात्रा ०, ३, ७ व २८ व्या दिवशी असतात. रक्त आलेल्या जखमेत लसीबरोबर जखमेभोवती प्रतिपिंडयुक्त औषधही द्यावे लागते. घरच्या, लस घेतलेल्या कुत्र्याचा चावा असला तरी वैद्यकीय सल्ला टाळू नये. चावलेल्या कुत्र्याला मारून न टाकता १० दिवस निरीक्षणाखाली ठेवले जाते.

गोव्यात २०१४ पासून मिशन रेबीज व राज्य शासन यांनी राबवलेल्या सामूहिक श्वान-लसीकरणानंतर २०२१ मध्ये ते राज्य रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून घोषित झाले. कुत्र्यांना न मारता माणसांचे जीव वाचवता येतात, याचे हे मराठी वाचकांच्या जवळचे उदाहरण आहे.

आंजी (मोठी) व वर्धा परिसर

आंजी (मोठी) हे वर्धा जिल्ह्यातील वर्धा–आर्वी मार्गावरील गाव आहे. येथे प्राथमिक आरोग्य केंद्र असून सेवाग्राम येथील महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेचे (स्थापना १९६९) ग्रामीण आरोग्य प्रशिक्षणाचे कामही या गावात चालते. वर्ध्याजवळील पिपरी (मेघे) येथे ‘पीपल फॉर ॲनिमल्स’ या संस्थेच्या वर्धा शाखेचा ‘करुणाश्रम’ हा निवारा आहे. तेथे जखमी पाळीव व वन्य प्राण्यांची शुश्रूषा केली जाते. पशुवैद्यकीय शिक्षणाचे जवळचे मोठे केंद्र म्हणजे १९५८ मध्ये सुरू झालेले नागपूर पशुवैद्यकीय महाविद्यालय होय.

अशा गावात दत्तक घेतलेल्या कुत्र्यापुढील अडचणी शहरातल्यांपेक्षा वेगळ्या असतात. कापूस, सोयाबीन व तुरीच्या शेतांत रानडुकरांपासून पीक वाचवण्यासाठी रात्रीची जागल करावी लागते, आणि कुत्रा हवा असण्याचे ते एक नेहमीचे कारण असते. परंतु भित्र्या कुत्र्याला अनोळखी शेतात एकटे बांधून ठेवल्यास त्याची भीती वाढते. तो राखणदार होण्याऐवजी वाटसरूंना चावणारा कुत्रा होतो. शेतातील फटाके व कुंपणाचा विजेचा झटका यांमुळे ध्वनिभय असलेला कुत्रा बिथरून पळू शकतो. फवारणीची कीटकनाशके व उंदीरनाशके त्याच्या तोंडी लागणार नाहीत अशी ठेवावी लागतात. उन्हाळ्यात विदर्भाचे तापमान ४५ अंशांच्या आसपास जात असल्याने सावली व पाणी यांविना बांधलेला कुत्रा उष्माघाताने दगावू शकतो. गोचिडांमुळे होणारा ताप हेही चिडचिडेपणाचे एक दडलेले कारण असते.

पोळा, तान्हा पोळा व दिवाळी या दिवसांत गर्दी, वाद्ये व फटाके असल्याने नवा कुत्रा घरात बंद, शांत खोलीत ठेवणे इष्ट असते. गुरांची सवय नसलेल्या कुत्र्याची गोठ्याशी ओळख दोरी धरून, दुरूनच करून द्यावी लागते. ग्रामीण घराचे काही फायदेही आहेत. मोकळी जागा, ठरलेला दिनक्रम आणि घरात बहुधा कोणीतरी असणे हे विरहचिंता असलेल्या किंवा सदनिकेत गुदमरलेल्या कुत्र्याला मानवते. उघड्या अंगणाला मात्र कुंपणाची जोड हवी, कारण गावातील जुने कुत्रे नव्याला आपल्या हद्दीत सहज स्वीकारत नाहीत. जिल्ह्यातील बोर व्याघ्र प्रकल्पालगतच्या गावांत कुत्रा मोकळा सोडल्यास वन्यप्राण्यांचा पाठलाग व रोगांची देवाणघेवाण असा दुहेरी धोका संभवतो.

मर्यादा व मतभेद

प्रत्येक कुत्रा प्रत्येक घरात सुधारतोच असे नाही. प्रामाणिक प्रयत्नांनंतरही घरातील माणसे सुरक्षित नसतील, तर कुत्रा संस्थेकडे परत देणे हा अपराध नाही. रस्त्यावर सोडणे हा आहे. परत देताना घरात दिसलेल्या वर्तनाची खरी माहिती दिल्यास पुढचे कुटुंब अधिक योग्य निवडता येते. काही कुत्र्यांना जन्मभर मर्यादित संपर्कात, निवाऱ्यातच सांभाळावे लागते. अशा कुत्र्यांवर होणारा खर्च लसीकरण व निर्बीजीकरणावर व्हावा, असे एक मत आहे. तर एका कुत्र्याला दिलेला आश्रयही समाजाच्या दृष्टिकोनात बदल घडवतो, असे दुसरे मत आहे. दत्तकग्रहणाची जागा निर्बीजीकरण घेऊ शकत नाही आणि निर्बीजीकरणाची जागा दत्तकग्रहण घेऊ शकत नाही, याबाबत मात्र प्राणिकल्याण क्षेत्रात सर्वसाधारण एकमत आढळते.